शेतकरी कंपनीत संशोधक ठेवायचा तर पेरणीआधी

विद्यापीठातला पीएच.डी.चा विद्यार्थी हंगामभर आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीत ठेवायचा असेल, तर आधी प्रश्न ठरवा, माणूस नंतर शोधा. नुसतं ‘हवामान बदल’ म्हणून भागत नाही. ‘एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की नाल्याकाठचं सोयाबीन पिवळं पडतं, सरी काढल्यानं त्यातलं किती वाचतं?’ असा प्रश्न संचालक मंडळाच्या ठरावातच लिहा. मग अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ गाठा. प्रश्न पऱ्हाटीचा असेल तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था.

माणूस मे महिन्यातच गावात हवा. ऑगस्टमध्ये आला तर बियाणं, खत, पेरणीआधीचा पाऊस, सगळं शेतकऱ्याच्या आठवणीवर लिहावं लागतं.

करार मराठीत, दोन पानांचा पुरे. मार्गदर्शक प्राध्यापक कोण, कंपनीकडून जबाबदार कोण, पेट्रोल कोणाचं, हे त्यात यावं. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर बाहेर जाणार नाही, हेही. प्रयोगात पीक गेलं तर भरपाई कोण देणार, हे कलम मात्र हमखास राहतं. ते नसलं की शेतकरी आपलं सगळ्यात हलकं रान प्रयोगाला देतो आणि निघालेला निष्कर्ष भारी जमिनीला लागू पडत नाही.

तुकडा एकच घ्या आणि त्याचे दोन भाग करा. दोन्ही भागांत बियाणं, खत, पेरणीची तारीख सारखी ठेवा. एका भागात डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून पिकाच्या दर चार ओळींनंतर सरी पाडा. वरचा भाग सरीचा आणि खालचा बिनसरीचा, असं करू नका. खाली पाणी मुळातच जास्त साचतं. मग फरक सरीचा की उताराचा, ते कळत नाही.

पर्जन्यमापक त्याच शेतात लावा, झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. नोंद रोज सकाळी साडेआठला. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा इथं पुरत नाही, कारण नाल्याच्या अलीकडे धो-धो कोसळतो तेव्हा पलीकडे शिंतोडेही नसतात.

काढणीला दोन्ही भागांची पोती वेगळी तोला आणि ओलावाही मोजा. दोन्ही वजनं 12 टक्के ओलाव्यावर आणल्याशिवाय तुलना करू नका. याच दिवसांत खरेदी सुरू होते आणि लिहिता-वाचता पोरगा दिसला की त्याला काट्यावर बसवलं जातं. तसं होऊ देऊ नका. आठवड्यातले किती दिवस शेताचे, ते करारातच घाला.

प्रबंधाची वाट पाहत बसू नका. बियाणं घ्यायच्या आधी, एप्रिलमध्येच सभासदांपुढे एका पानात निकाल मांडायला लावा, सरीनं काही वाचलं नसेल तरीही.