एकदाच केलेल्या कामाचे पैसे रिटर्नमध्ये दाखवताना या चुका टाळा

दिवाळी अंकातल्या लेखाचं मानधन, पेपर तपासल्याचे पैसे, ओळखीतून आलेलं एखादं भाषांतर, चुलत बहिणीच्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो. नोकरी सांभाळून वर्षात एखादं असं काम होतं, पैसे येतात आणि संपूनही जातात. जुलैत आयकर रिटर्न भरायला बसलं की कंपनीने दिलेला फॉर्म १६ समोर असतो, त्यात फक्त पगार असतो, आणि ते जास्तीचे पैसे आठवत नाहीत. किंवा आठवतात, पण ‘एवढ्याशासाठी कोण विचारतंय’ म्हणून सोडून दिले जातात.

पुढचे आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे आहेत. त्याचं रिटर्न १९६१च्या जुन्या आयकर कायद्याखालीच भरायचं आहे.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘टीडीएस कापला नाही, म्हणजे त्यावर कर नाही.’ टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर. व्यावसायिक फीवर कलम १९४जेखाली दहा टक्के टीडीएस कापतात. त्यासाठीची वार्षिक मर्यादा पूर्वी ३०,००० रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. ही मर्यादा पैसे देणाऱ्यासाठी आहे. त्याने ४०,००० दिले आणि काही कापलं नाही, तरी तुमच्या खात्यात आलेले ४०,००० हे उत्पन्नच. शिवाय देणारा साधा माणूस असेल, ज्याच्या हिशेबाला ऑडिट लागत नाही, तर त्याने कितीही दिले तरी या कलमाखाली त्याला कापावंच लागत नाही.

याचं दुसरं टोक म्हणजे ‘टीडीएस कापलाय, म्हणजे माझा कर भरून झाला.’ कापलेले दहा टक्के हा आगाऊ हप्ता. तुमचा स्लॅब तीस टक्क्यांचा असेल, तर बाकीचे वीस टक्के आणि सेस (करावरचा उपकर) तुम्हालाच भरायचा आहे.

आता एक हिशेब बघा, कारण इथे भले भले फसतात. पगार १२ लाख ७५ हजार, नवी करप्रणाली. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले बरोबर १२ लाख. कलम ८७एची सूट (१२ लाखांपर्यंत कर माफ) मिळून कर शून्य. आता त्याच वर्षी ४०,००० चं एक भाषांतर केलं. करपात्र उत्पन्न १२ लाख ४० हजार झालं आणि ८७एची पूर्ण सूट गेली. स्लॅबप्रमाणे कर ६६,००० निघतो. सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांच्या वरच्या रकमेइतकाच, म्हणजे ४०,००० वर थांबतो. त्यावर चार टक्के सेस १,६००. थोडक्यात, ४०,००० कमावले आणि ४१,६०० भरायचे. पदरचे सोळाशे घालून केलेलं भाषांतर! १२ लाखांपासून साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या पट्ट्यात हे असंच चालतं. तुमचा पगार या काठावर असेल, तर काम घेण्याआधीच हिशेब करा. आणि ७५ हजारांची वजावट पगारातूनच मिळते, भाषांतराच्या पैशांतून नाही.

याच उदाहरणात आणखी एक फटका आहे. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. शेवटचा हप्ता १५ मार्चला. नाही भरला तर महिना एक टक्का व्याज. यावर सोपा उपाय म्हणजे हे जास्तीचं उत्पन्न आपल्या कंपनीच्या पगार विभागाला लेखी कळवणं, म्हणजे ते पगारातूनच जास्त टीडीएस कापतात. अर्थात, बाहेरचं काम केलेलं साहेबांना कळू द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

पुढची चूक मी स्वतः केलेली आहे. २०२२-२३ साली एका कंपनीचं माहितीपुस्तक मराठीत आणून दिलं. ठरले होते ४५,०००, खात्यात आले ४०,५००. बँकेत आले तेवढेच आपले, म्हणून रिटर्नमध्ये ४०,५०० लिहिले आणि टीडीएस मात्र पूर्ण ४,५०० मागितला. रिफंड ४५० रुपयांनी कमी आला. उत्पन्न दहा टक्के कमी दाखवलं, तर टीडीएसही त्याच प्रमाणात धरला. उत्पन्नाच्या रकान्यात नेहमी कापण्याआधीचा पूर्ण आकडा लिहायचा. तो फॉर्म १६एमध्ये (देणाऱ्याकडून मिळणारं टीडीएसचं प्रमाणपत्र) असतो, २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा तक्ता) असतो, एआयएसमध्येही (आयकर खात्याकडची आपली वार्षिक माहिती) दिसतो. पासबुकात शोधायचा नाही.

दाखवायचं कुठे?

खरा गोंधळ इथे आहे. पेपर तपासणी किंवा एखादं व्याख्यान असं प्रासंगिक काम ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून दाखवतात, आणि बाकी अटी बसत असतील तर रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, आयटीआर-१, चालतो. तेच काम तुम्ही नेमाने करता, गिऱ्हाईक शोधता, दरपत्रक पाठवता, तर तो व्यवसाय झाला. मग आयटीआर-३ किंवा ४. कायद्यात ‘इतक्या रुपयांपर्यंत प्रासंगिक’ अशी रेघ नाही, कामाचं स्वरूप बघायचं. माझं मत विचाराल तर वर्षात एक काम, तेही आपणहून चालून आलेलं, असं असेल तर इतर स्रोतच. तीन वर्षं सलग तीन-तीन कामं करून तेच लिहीत राहणं मात्र स्वतःला फसवणं आहे.

‘आयटीआर-४ भर, निम्म्या रकमेवरच कर लागतो’ हा सल्ला हल्ली फार फिरतो. कलम ४४एडीएची ती सवलत ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार, चित्रपट कलावंत, माहिती-तंत्रज्ञान असे काही. भाषांतरकार त्या यादीत नाही.

आणि जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावं. नुसता पगार असेल तर दर वर्षी रिटर्नमध्येच जुनी की नवी ते ठरवता येतं. पण व्यवसायाचं उत्पन्न एकदा दाखवलं, की जुनी हवी असल्यास मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो. तो राहिला, तर घरभाडं भत्ता आणि ८०सीची गुंतवणूक हाती धरून तुम्ही नव्या प्रणालीत जाऊन बसता. फॉर्म भरून जुनी घेतली आणि नंतर सोडली, तर व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीत येता येत नाही. वीस हजारांच्या एका कामाला चुकीच्या रकान्यात टाकल्याने एवढं सगळं मागे लागतं.

खर्चाचंही असंच. कामासाठीच झालेला खर्च, उदाहरणार्थ बाहेरून करून घेतलेलं टायपिंग, इतर स्रोतांतून वजा करता येतो. पण आयटीआर-१मध्ये त्याला जागाच नाही, त्यासाठी आयटीआर-२ घ्यावा लागतो. घरातलं वर्षभराचं इंटरनेट बिल मात्र त्यात घुसवू नका.

टीडीएस कापला, पण दिसत नाही

जानेवारी ते मार्चमध्ये कापलेल्या टीडीएसचं विवरण देणाऱ्याने भरायची मुदत ३१ मे असते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये २६एएस रिकामा दिसला तर घाबरू नका, आणि घाईने रिटर्नही भरू नका. जून उलटला तरी नोंद नसेल, तर बहुतेक वेळा पॅन चुकलेला असतो. देणाऱ्याच्या लेखा विभागाला फोन करून विवरण दुरुस्त करून घ्यावं लागतं, ते आपल्या हातात नाही. पॅन दिलाच नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापतात, तेव्हा बिलावर पॅन ठळक लिहा.

फीवर टीडीएस कापू नये म्हणून काही जण फॉर्म १५जी (माझ्यावर कर लागत नाही, असं घोषणापत्र) देतात. तो बँकेच्या व्याजासारख्या उत्पन्नासाठी आहे, व्यावसायिक फीला लागू नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींची चूक उलटी असते. उत्पन्न मर्यादेच्या आत आहे म्हणून रिटर्नच भरत नाहीत, आणि कापलेले सहा-सात हजार सरकारकडेच राहतात. रिटर्न भरल्याशिवाय रिफंड येत नाही.

रिटर्न भरून झाल्यावर आठवलं तर

मुदतीत असाल तर सुधारित रिटर्न भरा. ३१ डिसेंबरपर्यंत भरलं तर त्याला दंड नाही, फक्त राहिलेला कर आणि व्याज. सुधारित रिटर्नची मुदत गेली तर अपडेटेड रिटर्न आहे, निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, पुढे हा टक्का वाढत जातो. रिफंड मागण्यासाठी मात्र हा रस्ता चालत नाही.

उरलेला कर भरताना चलनावरचं वर्ष दोनदा बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात ‘कर वर्ष’ हा शब्द आला. गेल्या वर्षाच्या उत्पन्नासाठी जुन्या कायद्याचं निर्धारण वर्ष २०२६-२७ आहे, आणि नव्या कायद्याचं चालू कर वर्षही २०२६-२७च. आकडे तेच, अर्थ वेगळा. चुकीचं निवडलं तर पैसे भलत्या वर्षाच्या नावे जमा होतात आणि रिटर्नमध्ये थकबाकी तशीच दिसते. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत, उदाहरणार्थ आधारच्या ओटीपीने, ई-व्हेरिफाय करा. उशीर झाला तर व्हेरिफाय केलेला दिवसच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात, आणि केलंच नाही तर ते भरलेलंच धरत नाहीत.