बर्गन बंदरातील एक निवांत दिवस

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहर एका दिवसात धावपळ न करता पाहता येते. मात्र दिवसाची आखणी घड्याळाकडे नव्हे, तर आभाळाकडे पाहून करावी. डोंगरांनी वेढलेल्या या बंदरात वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, त्यामुळे उन्हाळ्यातही रेनकोट जवळ असू द्यावा.

सकाळी आकाश मोकळे असेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून प्रथम फ्लॉयन डोंगर गाठावा. १९१८ पासून चालू असलेली, तारदोराने ओढली जाणारी फ्लॉयबानेन ही रेल्वे काही मिनिटांतच सुमारे ३२० मीटर उंचीवर नेते आणि तेथून संपूर्ण बंदर दिसते. गुडघे साथ देत असतील, तर उतरताना झाडीतील वळणवाटेने पायीच यावे. जुनी लाकडी घरे अशी जवळून पाहण्याची संधी गाडीतून मिळत नाही.

त्यानंतरचा सर्वाधिक वेळ धक्क्यालगतच्या ब्रिगेन या जुन्या लाकडी घरांच्या व्यापारी वसाहतीला द्यावा. १३६० च्या सुमारास जर्मनीतील हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातील व्यापाऱ्यांनी येथे वखार स्थापन केली आणि उत्तर नॉर्वेतून येणाऱ्या सुकवलेल्या कॉड माशांच्या बदल्यात ते धान्य पुरवू लागले. आज दिसणारी घरे १७०२ च्या भीषण आगीनंतरची असली, तरी ती जुन्याच आराखड्यावर उभारलेली आहेत. १९७९ मध्ये युनेस्कोने या वसाहतीचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. धक्क्यावरून रंगीत दर्शनी भागांचे छायाचित्र घेऊन परतणे म्हणजे ब्रिगेन न पाहणेच होय. घरांमधील अरुंद, फळ्यांच्या बोळांत शिरावे, झुकलेल्या भिंती आणि वरचे सज्जे न्याहाळावेत. आगीच्या भीतीने या घरांत चूल पेटवण्यास मनाई होती, म्हणून स्वयंपाक आणि हिवाळ्यातील ऊब यांसाठी मागे शोटस्टुएने नावाची स्वतंत्र दालने होती. ती पाहिल्यावर येथील जीवनाची कठोरता उमगते.

टोर्गेट येथील मासळीबाजार पाहण्याजोगा असला, तरी तेथील जेवण महाग पडते. पाऊस वाढल्यास लहानशा तळ्याकाठच्या कोडे संग्रहालयात जाऊन एडवर्ड मुंकची चित्रे निवांत पाहावीत.

सकाळी ढगांमुळे फ्लॉयन राहून गेला असेल, तरी निराश होऊ नये. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे आभाळ उघडताच संध्याकाळी वर जावे.