गोल्फ टुर्नामेंटमध्ये साडेचार तास शांत राहायला जाऊ नका, चाळीस सेकंद पुरेत

रविवारी मित्रांबरोबर आरामात ८५ मारणारा (म्हणजे अठरा होल ८५ स्ट्रोक, फटक्यांत संपवणारा, जितके कमी तितकं चांगलं) माणूस मंथली मेडलला, दर महिन्याच्या स्पर्धेला, ९७ घेऊन येतो, हे आमच्या ग्रुपमध्ये इतक्या वेळा झालंय की आता त्याचं कुणाला नवल वाटत नाही. स्विंग तोच, कोर्स तोच, कॅडी (बॅग उचलून सोबत चालणारा) पण बऱ्याचदा तोच. फरक फक्त एवढाच की खिशात कार्ड असतं आणि त्यावर दुसरं कुणीतरी आपला स्कोअर लिहीत असतं. मी पुण्यात नऊ वर्षं खेळतोय, हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीचा आकडा, कमी तितका चांगला) २२ वरून १२ वर आलं आणि त्यातले निम्मे स्ट्रोक तरी मी रेंजवर (सरावाच्या जागी) नाही, डोक्यात कमी केलेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक हिशोब बघा. राउंड चालतो साधारण साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं. गोल्फच्या नियमांतच शिफारस आहे की तुमची पाळी आली आणि काही अडथळा नसला की ४० सेकंदांच्या आत शॉट मारावा. तुम्ही ८५ मारता असं धरा आणि प्रत्येक शॉटला पूर्ण ४० सेकंद घेता असंही धरा, तरी होतात ५७ मिनिटं. उरलेले साडेतीन तास तुम्ही चालताय, थांबताय, दुसऱ्याचा बॉल शोधताय. आपण चूक काय करतो तर हे २७० मिनिटं सलग फोकस ठेवायला जातो, आणि ते कुणालाच जमत नाही, मग बाराव्या तेराव्या होलपर्यंत डोकं शिणतं आणि पंधराव्यावर असा काही निर्णय घेतो की घरी गेल्यावर आपल्यालाच कळत नाही तो का घेतला. त्यामुळे शिकायचं आहे ते लक्ष चालू करायला आणि बंद करायला, आणि खरं सांगतो, बंद करणं जास्त अवघड आहे.

माझा स्विच म्हणजे ग्लोव्ह. बॉलपाशी पोचलो, अंतर बघितलं, की ग्लोव्ह घालायचा, तिथून काम सुरू. शॉट मारला, बॉल थांबलेला बघितला, क्लब (गोल्फची काठी) बॅगेत गेला, ग्लोव्ह काढून मागच्या खिशात, आणि त्या शॉटचा विषय संपला. शिवी द्यायची असेल, हळहळायचं असेल तर ते ग्लोव्ह हातात असेपर्यंत (शिवी मनातल्या मनात, मोठ्याने नको). ग्लोव्ह निघाला की झाडं बघा, पोरांच्या शाळेविषयी बोला, आज मिसळ कुठे खायची ते ठरवा, काहीही, फक्त गोल्फ नको. ज्यांना ग्लोव्ह आवडत नाही त्यांनी टोपी सरळ करणं किंवा बॅगेची चेन लावणं ठरवून घ्यावं, पण हाताने करायची एखादी कृती असावी, नुसतं मनात "आता शांत हो" म्हणून कुणी शांत झालेलं मी पाहिलं नाही.

आता ते चालू असतानाचे चाळीस सेकंद. बॉलच्या मागे उभं राहा, सगळे प्रश्न इथेच संपवायचे: अंतर किती, वारा कुठून, लाय कसा (बॉल गवतात कसा बसलाय), कुठे चुकलं तर चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही. क्लब ठरवा. मग टार्गेटच्या रेषेत बॉलच्या पुढे वीतभर अंतरावर एखादं वाळलेलं पान, जुनी डिव्हॉट (क्लबने उखडलेली जागा), काहीतरी खूण शोधा, अमेरिकेचा दिग्गज जॅक निकलस अशीच जवळची खूण धरायचा. मग एक श्वास, आत घ्यायला तीन आकडे, सोडायला सहा, सोडताना खांदे पडू द्या. श्वास लांब सोडला की हृदयाचे ठोके खरंच थोडे मंदावतात, टेन्शनमध्ये आपण नेमकं उलट करतो, छाती भरून घेतो आणि स्विंग संपेपर्यंत धरून ठेवतो. श्वास सोडला की पुढे पाऊल, खुणेवर क्लबफेस लावा, दोनदा टार्गेटकडे बघा आणि मारा. बॉलपाशी उभं राहून "सहा नंबर घ्यायला हवा होता का" असा विचार आला तर मारू नका, परत मागे जा आणि पहिल्यापासून सुरू करा. याची लाज वाटते हे मला माहितीये, मागचे तिघं बघत असतात, पण अर्ध्या मनाने मारलेल्या शॉटला जेवढा वेळ नंतर शोधण्यात जातो त्यापुढे हे काहीच नाही. येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर खेळणाऱ्यांना तर याची सवयच असते, लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उडालं की बॅकस्विंग असो नाहीतर पट (बॉल कपात घालायचा हलका फटका), मागे व्हायचं, आवाज जाऊ द्यायचा, परत सुरू. डोक्यात येणाऱ्या विचारालाही असंच वागवा.

ग्रिपचं एक वेगळं सांगतो कारण प्रेशर सगळ्यात आधी हातात दिसतं. घाबरलो की आपण क्लब आवळतो, मनगटं लॉक होतात, टेम्पो पळतो आणि बॉल उजवीकडे. क्लब जमिनीवरून इंचभर उचलून दोनदा हलवून बघा, क्लबहेडचं वजन हाताला जाणवलं तर ग्रिप ठीक आहे, नाही जाणवलं तर तुम्ही काठी आवळून धरलीये.

पहिल्या टीबद्दल (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा). स्टार्टर नाव पुकारतो, पुढच्या दोन ग्रुपचे लोक तिथेच उभे असतात, आणि छातीत धडधड होतेच, मलाही दर वेळी होते, ती घालवायच्या नादाला लागू नका. फक्त घाईत पोचू नका. तास नाही तर निदान पाऊण तास आधी कोर्सवर असावं, रेंजवर वीस पंचवीस बॉल पुरे, तिथे स्विंग दुरुस्त करायला बसायचं नाही, आज जे आहे ते घेऊन खेळायचं. मग ग्रीनवर (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) जाऊन आधी लांब पट मारून स्पीड बघा (डिसेंबरच्या सकाळी दव असतं, ग्रीन दहापर्यंत फार स्लो असतात, आणि पावसाळ्यात तर बॉल पळतच नाही) आणि शेवटचे दहा पट दोन तीन फुटांचे मारा, बॉल कपात पडतानाचा आवाज कानात घेऊन टीवर जा. आणि पहिल्या टीवर ड्रायव्हरच (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारला पाहिजे असा काही नियम नाही, ज्या क्लबवर डोळे झाकून भरवसा आहे तो काढा, माझ्यासाठी तो हायब्रिड आहे, तीस यार्ड कमी जातो पण फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) जातो आणि पुढच्या तीन होलांचं मन त्या एका शॉटने जाग्यावर येतं.

कॅडीला पण आधीच सांगून ठेवा. आपले कॅडी कोर्स आपल्यापेक्षा दहापट जास्त जाणतात, त्यांच्यासारखा आधार नाही, पण बॅकस्विंगच्या आधी "सर, डावीकडे पाणी आहे" हे वाक्य कानावर पडलं की बॉल पाण्यातच जातो. म्हणून मी पहिल्या टीच्या आधी म्हणतो, दादा, मला अंतर आणि वारा सांगा, ग्रीनवर लाइन मी विचारेन तेव्हा सांगा, आणि बॉल कुठे मारायचा ते सांगा, कुठे मारायचा नाही ते सांगू नका. आजवर एकालाही याचं वाईट वाटलेलं नाही. इथेच हेही सांगून टाकतो, ग्रुपमधल्या दुसऱ्या खेळाडूला "कुठला क्लब मारलास" विचारलं तर तो सल्ला मागणं धरतात आणि दोन स्ट्रोकची पेनल्टी लागते, आणि मन शांत ठेवायला कानात इअरबड घालून गाणी ऐकणंही नियमात बसत नाही. जी काही शांतता आहे ती स्वतःचीच आणावी लागते.

आता मुख्य, राउंड कुठे फुटतो. माझा एक मेडल मी अजून विसरलो नाहीये. चौदा होलनंतर हँडिकॅपपेक्षा तीन स्ट्रोक चांगला होतो, पंधरावा पार ५ (पाच स्ट्रोक अपेक्षित असलेला होल), ड्राइव्ह उजवीकडे ओबी, म्हणजे कोर्सच्या हद्दीबाहेर. इथपर्यंत ठीक, ओबी सगळ्यांचे जातात. पण मी खिशातून दुसरा बॉल काढला, बॉल ठेवायची खुंटी (तिलाही टीच म्हणतात) तशीच होती, ठेवला आणि मारला, सगळं मिळून दहा सेकंद असतील, ना मागे उभा राहिलो ना श्वास घेतला, तोही ओबी. त्या होलला दहा झाले आणि मेडलमध्ये स्टेबलफोर्डसारखा (पॉइंट्सच्या स्पर्धेसारखा) बॉल उचलून पुढे जाता येत नाही, तो दहावा कपात घालावाच लागतो. नंतर बसून विचार केला तेव्हा कळलं की पहिला ओबी दोन स्ट्रोकचा होता, बाकी नुकसान त्या दहा सेकंदांनी केलं. आणि गंमत बघा, नियम इथे आपल्या बाजूने आहे, टीवरून दुसरा किंवा प्रोव्हिजनल (पहिला हरवला असेल म्हणून राखीव) बॉल मारायचा असेल तर ग्रुपमधले बाकी सगळे मारून झाल्यावर मारायचा असतो. म्हणजे दोन तीन मिनिटं आयतीच मिळतात. ग्लोव्ह काढा, बॅगेपाशी जा, पाणी प्या, तुमची पाळी आली की ग्लोव्ह घालून पहिल्यापासून. वाईट शॉटच्या पुढचा शॉट सगळ्यात हळू मारायचा, एवढं एकच या लेखातून घेतलं तरी चालेल.

सुरुवातीलाच डबल (डबल बोगी, पारपेक्षा दोन जास्त) पडला की "गेला आजचा दिवस" म्हणणारे फार आहेत. रोरी मॅकिलरॉयचा २०२५ चा मास्टर्स (अमेरिकेतली गोल्फची मोठी स्पर्धा) आठवा. शेवटच्या दिवशी दोन स्ट्रोकची लीड घेऊन निघाला आणि पहिल्याच होलला डबल बोगी, लीड साफ. त्यात २०११ ला याच कोर्सवर चार स्ट्रोकची लीड असताना त्याने शेवटच्या दिवशी ८० मारले होते, ते त्याच्या आणि बघणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात. पुढे तेराव्यावर परत डबल, अठराव्यावर जिंकून देणारा छोटा पट चुकला, आणि मग जस्टिन रोझशी बरोबरी झाल्यावर प्लेऑफला (जादा होलला) त्याच अठराव्या टीवर परत जाऊन त्याने बर्डी (पारपेक्षा एक कमी) करून विजेत्याचं हिरवं जाकीट घेतलं. तो पट चुकल्यापासून परत त्या टीवर उभं राहीपर्यंत त्याने डोक्यातून काय बाजूला ठेवलं असेल याचा मी अजूनही विचार करतो.

आणि आपली अदिती अशोक. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ज्यांनी आयुष्यात गोल्फ बघितलं नव्हतं असे लोक पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. लांब मारणाऱ्यांमध्ये ती नव्हतीच, बाकीच्या मुली तिच्या कितीतरी पुढे बॉल टाकत होत्या, आणि ती मागून मोठे क्लब घेऊन ग्रीनवर येत होती आणि पट घालत होती. आई कॅडी होती. एका स्ट्रोकने मेडल हुकलं, चौथी आली. पण चारही दिवस दुसरीने किती लांब मारला यावरून तिने स्वतःचा शॉट बदलला नाही, आणि आपण तर ग्रुपमधल्या एकाने पुढे मारला की लगेच अंगातलं सगळं बळ काढतो.

स्कोअरचं काय करायचं? तर बेरीज करायची नाही. प्रत्येक होलचा आकडा मार्करशी (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्याशी) बोलून नक्की करा, लिहा, कार्ड आत. नऊ होलनंतर बेरीज केली आणि चांगली निघाली की आपण सांभाळून खेळायला लागतो, वाईट निघाली की पार ५ वर झाडातून हिरोगिरी. फोनवर लाइव्ह लीडरबोर्ड असेल तर फोन बॅगेच्या तळाशी.

नियमांवरून वाद झाला की पण डोकं तापतं. स्ट्रोक प्लेमध्ये (मेडलसारख्या, सगळे स्ट्रोक मोजायच्या खेळात) काय करायचं कळत नसेल तर भांडू नका, मार्करला सांगा की मी दोन बॉल खेळतोय आणि त्यातला कुठला मोजावा असं मला वाटतं, दोन्हींनी होल पूर्ण करा आणि कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगा, दोन्हींचा स्कोअर सारखा आला तरी सांगा नाहीतर डिसक्वालिफाय होता. निर्णय त्यांचा, तुम्ही पुढच्या टीवर मोकळे.

पुढचा ग्रुप हळू असेल तर क्लब हातात घेऊन ताटकळत उभं राहू नका, सावलीत बसा. आणि खात राहा. शेवटच्या चार होलांवरची चिडचिड ही बऱ्याचदा नुसती भूक आणि तहान असते, विशेषतः मार्च ते मे. मी दर चार होलांना अर्धं केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ साखरेचं पाणी घेतो, तहान लागायची वाट बघत नाही.

हे सगळं टुर्नामेंटच्या दिवशी पहिल्यांदा करून जमणार नाही. रेंजवर ५० बॉल मारत असाल तर शेवटचे १८ वेगळे काढा, प्रत्येकाला क्लब बदला, ग्लोव्ह घाला, मागे उभं राहा, श्वास, मारा, ग्लोव्ह काढा. कंटाळा येतो पण त्याचाच उपयोग आहे. पटिंगला तीन फुटांवर कपाभोवती सहा बॉल ठेवा आणि सलग वीस घालेपर्यंत घरी जायचं नाही, एक चुकला की परत एकपासून. अठराव्या एकोणिसाव्याला हात कसे होतात ते बघा, अगदी मेडलसारखे.

राउंड संपल्यावर कार्ड होल बाय होल तपासूनच सही करा, खरा झाला त्यापेक्षा कमी आकडा लिहिला गेला तर डिसक्वालिफाय, जास्त लिहिला गेला तर तोच गळ्यात. आणि त्याच संध्याकाळी एका वहीत लिहा की किती शॉट्सना तुमचं रुटीन पूर्ण झालं. माझं गेल्या मेडलला ८६ पैकी ७१ ला झालं. राहिलेल्या पंधरातले नऊ दोन फुटांच्या आतले पट होते, चालत जाऊन तसेच मारलेले, आणि त्यातले दोन चुकले, त्यामुळे या महिन्यात दोन फुटांच्या पटलासुद्धा मागे जाऊन उभं राहायची प्रॅक्टिस चालू आहे.