बोंड वरून हिरवंगार, आत गुलाबी अळी : माझा अनुभव

यवतमाळकडची कोरडवाहू कपाशी. बोंड बाहेरून ठणठणीत, फोडलं की आत अळी. वेचणीत कवडी (किडका, डागाळलेला) कापूस, भाव पडलेला. दोन हंगाम औषधं बदलून फवारली. जीव मेटाकुटीला आला. अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मग अळीला शेतात आसरा उरू नये म्हणून डिसेंबरातच कपाशी उपटली. फरदडीचा, म्हणजे हंगामानंतरही पीक ठेवून जादा वेचणी घ्यायचा मोह सोडला, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पराट्या (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचल्या नाहीत, बारीक करून कुजवल्या. पुढच्या पेऱ्यात 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले, रोज पतंग मोजले. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) तोडून नष्ट केल्या. दर आठवड्याला 20 हिरवी बोंडं फोडली. एका सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग किंवा त्या 20 पैकी 2 बोंडांत जिवंत अळी दिसली, तरच फवारणी. यंदा कापूस पांढराशुभ्र निघाला.