पिकअप घेताना अडखळणारी मोटारसायकल: दोष शोधण्याचा क्रम

रेस दिल्यावर गाडी क्षणभर जागीच रेंगाळते आणि मग झटका देऊन पुढे जाते, चढावर तिची ताकद अचानक कमी पडते, किंवा एका ठरावीक वेगापुढे इंजिन मिसिंग मारू लागते, म्हणजे तुटक चालते. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात; तरीही ‘पिकअप गेला’ एवढ्या दोन शब्दांत त्या सांगितल्या जातात आणि पहिला हात कार्ब्युरेटरवर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर, पडतो. हा क्रम उलटा असायला हवा. दोष नेमका कोणत्या वेळी दिसतो हे आधी पाहावे, मग पेट्रोल टाकीतून इंजिनपर्यंत ज्या वाटेने जाते ती वाट टाकीकडून तपासत यावे, आणि कार्ब्युरेटर त्यानंतरच उघडावा. त्याची भोके इतकी बारीक असतात की चांगला चाललेला कार्ब्युरेटर विनाकारण उघडल्याने नवा दोष निर्माण होण्याची शक्यता असते.

सुरुवातीला कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे घ्यावेत. एक रेसच्या मुठीवर आणि दुसरा तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटवून, मूठ पूर्ण बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडी असताना कोठे येते त्याच्या खुणा पेनाने कराव्यात. मग मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून कोणत्या खुणेवर ती अडखळते हे पाहावे. कार्ब्युरेटरमधील निरनिराळे भाग मुख्यतः मुठीच्या उघडण्यानुसार कामाला येतात, गाडीच्या वेगानुसार नव्हे, म्हणून ही खटपट करण्यासारखी आहे. मूठ बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) आणि त्याचा स्क्रू यांचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण या टप्प्यात पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईचा आणि त्यापुढे मेन जेटचा, म्हणजे मोठ्या भोकाच्या जेटचा. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळलेले असतात आणि निर्वात दाबावर सरकणाऱ्या पिस्टनच्या कार्ब्युरेटरमध्ये मुठीची व पिस्टनची स्थिती तंतोतंत जुळत नाही, तरी संशय कोणावर घ्यायचा हे या खुणांवरून बऱ्यापैकी कळते. आयडलिंग (रेस न देता इंजिन चालणे) व्यवस्थित असूनही रेस दिल्यावर इंजिन वर चढतच नसेल, तर अशा कार्ब्युरेटरचा रबरी पडदा फाटलेला असण्याचा संभव मोठा असतो.

दुसरा प्रश्न असा, की इंजिनला पेट्रोल कमी पडते आहे की जास्त होते आहे? चोक (मिश्रणातील पेट्रोल वाढवणारी कळ) असलेल्या गाडीत याचे उत्तर सोपे आहे. इंजिन गरम असताना, अडखळण्याच्याच टप्प्यावर चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होते. आणखी बिघडली, धूर काळा येऊ लागला, तर ते आधीच जास्त होते. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येणे किंवा आयडलिंग लवकर खाली न उतरणे हीदेखील बहुधा कमी पेट्रोलाची, म्हणजेच जास्त हवेची, लक्षणे असतात.

यापुढे पेट्रोलशी थेट संबंध येतो, म्हणून काम उघड्या हवेत, थंड इंजिनावर, ज्योत किंवा ठिणगी जवळ नसताना करावे आणि पेट्रोल धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात घ्यावे.

टाकीचे झाकण हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा टाकीत यावी लागते. झाकणातील हवेचे भोक बुजले की आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोलचा प्रवाह हळूहळू आटतो. अशी गाडी काही वेळ उत्तम चालते, मग मरगळते, बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. तसे घडताच गाडी बाजूला घेऊन झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि गाडी पूर्ववत झाली, तर दोष सापडला. अलीकडच्या अनेक गाड्यांत टाकीची हवा एका नळीवाटे पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत नेलेली असते आणि ती नळी कोठे दबली तरी लक्षणे हुबेहूब हीच दिसतात.

त्यानंतर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक आणि नळी. कार्ब्युरेटरच्या बाजूची नळी काढून तिचे टोक डब्यात सोडावे, कॉक उघडावा आणि धार पाहावी. धार अखंड असावी आणि मिनिटभर तशीच टिकावी. सुरुवातीला जोरात येऊन नंतर थेंब थेंब पडू लागली, तर कॉकची जाळी, मधला फिल्टर किंवा पुन्हा झाकण यांपैकी काही तरी तुंबले आहे. निर्वात दाबाने उघडणारा कॉक असल्यास इंजिन बंद असताना धार न येणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याची चाचणी ‘प्राइम’ (पेट्रोल सतत सोडणाऱ्या) स्थितीत करावी. अशा कॉकचा पडदा फाटला तर पेट्रोल निर्वाताच्या बारीक नळीतून थेट इंजिनात ओढले जाते. त्या नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला की वेगळा पुरावा नको. कॉक ‘मेन’वर असताना अडखळणारी गाडी रिझर्व्हवर नीट चालत असेल, तर आधी टाकीत पेट्रोल किती आहे ते पाहावे. हे सांगायला संकोच वाटतो, पण ही तपासणीही राहून जाते.

पेट्रोलचा दर्जा तपासण्यासाठी कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलचा (पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा) खालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या छोट्या बाटलीत काढावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे बसते आणि बाटली कलती केली की त्याचा थेंब काचेवरून गोळीसारखा घरंगळतो. तांबूस कण दिसले तर टाकीला आतून गंज आहे. उग्र, आंबूस वास आणि गडद रंग हे जुन्या पेट्रोलचे लक्षण. त्यातील हलके घटक उडून गेलेले असतात आणि मागे राहिलेला चिकट थर पायलट जेटमध्ये सर्वांत आधी बसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते, पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून खाली उतरतात आणि इंजिन नेमके तेच ओढते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत नवे पेट्रोल वरून ओतण्यापेक्षा जुने पूर्ण काढून टाकणेच इष्ट.

हवेची बाजू लवकर तपासून होते. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त होते. कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधील रबरी तुकड्याला तडा गेला तर उलट घडते. आयडलिंगवर त्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर हवा तेथूनच शिरते आहे. यासाठी ज्वालाग्राही क्लीनर गरम इंजिनावर फवारण्याची पद्धत प्रचलित आहे, ती मला योग्य वाटत नाही.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी पेट्रोल पेटवणारी प्लगची ठिणगी निर्दोष आहे याची खात्री करावी, कारण ठिणगीचा दोष पेट्रोलच्या नावावर सहज खपतो. पेट्रोल कमी पडणारे इंजिन बहुधा दम लागल्यासारखे हळूहळू ढेपाळते, तर ठिणगी तुटणारे इंजिन कोणी बटण दाबून बंद केल्यासारखे एकदम तुटते आणि पुन्हा लागते. अडखळण्याच्या टप्प्यावरच इंजिन बंद करावे, ते निवल्यावर प्लग काढून पाहावा: कोरडी काळी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल, पांढरटपणा म्हणजे कमी, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. प्लगची फट बहुतेक गाड्यांत 0.6 ते 0.9 मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. गाडी गरम झाल्यावरच मिसिंग येत असेल तर ठिणगीसाठी वीजदाब वाढवणाऱ्या कॉइलवर आणि पावसातच येत असेल तर प्लगच्या टोपीवर संशय घ्यावा. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी वेग घेत नाही, असे असल्यास दोष इंजिनात नसून क्लच घसरत असण्याची शक्यता अधिक.

एवढे सर्व निर्दोष निघाल्यावर कार्ब्युरेटर उघडावा. पायलट स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच पूर्ण आत फिरवून किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवावे. जेट उजेडासमोर धरावे. पायलट जेटचे भोक स्पष्ट गोल दिसले पाहिजे. ते तारेने कोरू नये, पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की जेट निकामी होते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा होतो. फ्लोटची (बाउलमधील तरंगत्या भागाची) उंची व त्याच्या सुईचे टोक तेव्हाच पाहून घ्यावे.

कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत क्रम हाच, साधने वेगळी. किल्ली फिरवल्यावर टाकीतील पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज क्षीण किंवा खंडित असेल तर आधी बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली निरोगी बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि ती फार उतरलेली असेल तर पंपाला पुरेसा दाब देता येत नाही. अनेक गाड्यांत हा दाब 3 बारच्या आसपास असतो, म्हणून नळी काढण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. तरीही थोडे पेट्रोल उडू शकते, सांध्यावर फडके धरावे. डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागला असेल तर त्याचा कोड वाचल्याशिवाय एकही सेन्सर बदलू नये. दिवा लागलेला नसताना मुठीच्या एकाच खुणेवर झटका येत असेल, तर थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर त्या जागी झिजलेला असू शकतो.

प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, मुठीच्या त्याच खुणेवर चाचणी घ्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. या सगळ्यानंतरही गाडी अडखळत असेल तर व्हॉल्व्हची (इंजिनाच्या झडपांची) फट आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन (आतील मिश्रण दाबण्याची क्षमता) मोजून घ्यावे. घट्ट झालेले व्हॉल्व्ह आयडलिंग बिघडवतात आणि कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी त्यात फरक पडत नाही.