दिव्यांगाचं अनुदान काढायचंय? आधी आधारवरचं नाव बघा

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर, म्हणून बैठं काम धरलं, आणि हळूहळू झेरॉक्सपेक्षा फॉर्म भरणंच जास्त होऊन बसलं. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न, "किती मिळतात?" आकडा सांगतो, पण आधी सगळे कागद टेबलावर मांडायला लावतो.

सोलापुरात खरी अडचण नावाची. पूर्व भागातली एखादी मावशी आधारवर लक्ष्मीबाई, रेशन कार्डावर लक्ष्मव्वा आणि बँकेत नुसती लक्ष्मी. तेलुगू आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर ज्यानं लिहून घेतलं त्याच्या मर्जीवर. कॉम्प्युटरला या तीन वेगळ्या बायका दिसतात आणि अर्ज लटकतो. म्हणून आधी आधार नीट करा, मग त्याच्याबरहुकूम बँक आणि रेशन कार्ड. बँकेत "आधार लिंक आहे का" एवढंच विचारू नका, "डीबीटीला लावलंय का" असं विचारा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्याची सोय, पैसे त्यावरच येतात.

दुसरी अडचण बोटांची. वर्षानुवर्षं विड्या वळून बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा, पुसून पुन्हा ठेवला की पुन्हा लाल. मागे रांग वाढत जाते आणि मावशी ओशाळते. तिचा काही दोष नाही. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, तसं सांगा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर बरंच काम होतं. नंबर मात्र घरातल्याच माणसाचा द्या. भाड्याच्या घरमालकाचा नंबर दिलेले महाभाग मी पाहिलेत.

आता मुख्य कागद, म्हणजे युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, दवाखाना निवडायचा, तारखेला तपासणीला जायचं. आपल्याकडे बहुतेकांचं सिव्हिललाच होतं. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले जखमी, पार्किन्सन, हेसुद्धा त्यात येतात आणि लोकांना ते माहीतच नसतं. जाताना जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सगळं न्या. लहान मुलाला ऐकू येत नसेल तर बेरा तपासणीचा कागद, मतिमंदत्व असेल तर आयक्यूचा. कार्डाचे रंग तीन: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक योजनांचं दार ४० ला उघडतं. जुनं सर्टिफिकेट असेल तर तेही पोर्टलवर चढवून घ्या, नुसत्या कागदावर हल्ली कुणी विश्वास ठेवत नाही.

कार्ड हातात आलं की संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान. तहसीलमध्ये संजय गांधी शाखा असते, अर्ज तिथं किंवा सेतूमार्फत. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, इतर निराधारांना २१ हजार. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० वरून २,५०० केलंय. ज्या बाईला हे पैसे सुरू आहेत तिनं लाडकी बहीणचा फॉर्म भरू नये, दोन्ही एकदम चालत नाही. मंजुरी मिळाली की संपलं असं नाही, दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो. तो चुकला की पैसे गुपचूप बंद होतात, सांगायला कुणी येत नाही.

मागितल्याशिवाय न मिळणारी गोष्ट म्हणजे पाच टक्के निधी. महापालिका असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्चायचे असतात. गावाकडच्यांनी ग्रामसभेत उभं राहून विचारावं, "यंदा किती जमले, कुणाला दिले?" आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावावं. एकट्यानं विचारलं तर हसण्यावारी नेतात, चारपाच घरं मिळून गेलात की रजिस्टर उघडतं. एसटीत ४० टक्क्यांवर ७५ टक्के सवलत आहे, ६५ च्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मं तिकीट. रेल्वेचं कार्ड वेगळं काढावं लागतं. त्याला डॉक्टरांचा रेल्वेच्याच नमुन्यातला दाखला लागतो, युडीआयडी दाखवून भागत नाही.

मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांग मूल असेल तर दोन कामं जास्तीची. एक निरामय विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसह. दुसरं पालकत्व. मूल १८ चं झालं की कायद्याच्या नजरेत आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. बँक अडून बसली की मग लोक धावत येतात. सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा.

आता आदिवासी कुटुंबांचं. आपल्या जिल्ह्यात पारधी वस्त्या आहेत. तिथल्या दिव्यांग पोराला दिव्यांग म्हणून जे मिळतं ते मिळतंच, शिवाय आदिवासी विकास विभागाचं वेगळं. सोलापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. शबरी घरकुल, न्यूक्लिअस बजेटमधून (प्रकल्प कार्यालयाच्या हातातल्या निधीतून) छोट्या धंद्याला मदत, पारध्यांसाठीच्या खास योजना, हे सगळं तिथं विचारायचं. "दिव्यांग आहात, समाजकल्याणला जा" असं सांगून परत पाठवलं तर हलू नका, अर्ज तिथंच द्या आणि पोच घ्या.

गाडी अडते जातीच्या दाखल्यावर. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. सेटलमेंटमधल्या (इंग्रजांनी कुंपणात ठेवलेल्या वस्तीतल्या) कैकाडी घराचा कागद विमुक्तांच्या रांगेतला आणि फासेपारधी घराचा अनुसूचित जमातीच्या, हे आधी ध्यानात घ्या. आयुष्यभर पालं उचलत फिरलेल्या माणसाकडे १९५० चा कागद कुठून येणार, हा प्रश्न बरोबर आहे. तरी आजोबा किंवा चुलत आजोबा कुठं शाळेत गेले असतील तर तिथलं जनरल रजिस्टर बघा, गावनमुना १४ म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यूची नोंद बघा. वडिलांकडच्या सख्ख्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र) झाली असेल तर तो सगळ्यात मोठा आधार. वंशावळ शपथपत्रावर करून जोडा.

आणि वकिलाच्या फीला घाबरून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांगाला आणि अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारच्या खर्चानं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साध्या कागदावर अर्ज द्यायचा. जमातीचा दावा पडताळणी समितीनं फेटाळला तर हायकोर्टात जावं लागतं. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय आणि सोलापूर त्यातच येतं. निकालाची प्रत हातात आल्या आल्या तिच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. माझ्याकडेच काढा असं नाही.