डायकास्ट गाड्या जमवायच्या? आधी आपला रस्ता ठरवा

१५ सप्टेंबर २०२३ला बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली. पुढचा महिना सरता सरता मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीही मुदत संपली. तेव्हापासून ओळखीचे बरेच जण मला विचारतात, "टेबलावर ठेवायला एक छोटी काळीपिवळी हवी होती, कुठे मिळेल?" मिळते, पण एकीवर कुणाचं भागत नाही. समोर दिसेल ती घेत सुटलं की वर्षभरात कपाट भरतं आणि त्यातल्या एकाही गाडीचा दुसरीशी संबंध नसतो. डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या गाड्या जमवण्याचा हा छंद मी वीसेक वर्षं करते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगते की गाड्या जमवू नका, एक रस्ता जमवा.

रस्ता आणि साल

एक कार्ड घ्या आणि त्यावर एक जागा आणि एक साल लिहा. माझ्या कार्डावर "दादर टीटी, १९७५" आहे. वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यामुळे तो नाका माझ्या घरातलाच. आता डोळे मिटून सिग्नलला काय काय उभं होतं ते आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००, जिचं नाव १९७४पासून प्रीमियर पद्मिनी झालं. अँबेसेडर, जी १९५७ ते २०१४ अशी सत्तावन्न वर्षं बनत राहिली. टाटा-मर्सिडीजचा नाकवाला ट्रक, महिंद्राची जीप आणि अर्थात लाल डबलडेकर. ट्राम मात्र नाही. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, "टीटी"मध्ये ट्राम टर्मिनसचं नाव तेवढं उरलं. तुमच्या कार्डावर १९६० असेल तर ट्राम येईल आणि पद्मिनी जाईल. साल लिहिलं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे असं आपोआप ठरतं.

रस्ता दादरचाच हवा असं नाही. लालबागचा माणूस गिरणीबाहेरचे ट्रक जमवेल. कुर्ल्याचा माणूस फक्त प्रीमियरच्या गाड्या जमवेल, कारण तिथे फियाटआधी डॉज आणि प्लिमथही जुळत होत्या.

स्केल एकच धरा

१:४३ म्हणजे खरी गाडी मॉडेलच्या त्रेचाळीस पट मोठी. पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर लांब. म्हणजे १:४३ला ती नऊ सेंटीमीटरच्या थोडी वर भरते, १:६४ला सहा सेंटीमीटर आणि १:१८ला जवळजवळ बावीस. १:४३ हा विचित्र आकडा खेळण्यातल्या रेल्वेमुळे आला. ओ गेजच्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर धरत, आणि त्या रेल्वेशेजारी शोभतील अशा गाड्या लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३४पासून डिंकी टॉइज या नावाने विकल्या. बसप्रेमींचं १:७६ हे स्केलही रेल्वेतूनच आलं, डबल ओ गेजमधून.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये १:१८च्या नादी लागू नका, दहा गाड्यांत शोकेस संपते. गाड्यांसाठी १:४३ आणि बससाठी १:७६, असा माझा सल्ला. दोन्ही एका फळीवर मात्र लावू नका. १:७६ची लंडनची रूटमास्टर अकरा सेंटीमीटरची, आणि शेजारी दहा सेंटीमीटरची १:४३ अँबेसेडर ठेवली की बस अगदी केविलवाणी दिसते.

पुठ्ठ्यावरच्या छोट्या प्लास्टिक पाकिटातल्या (ब्लिस्टर) हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्सला सगळे १:६४ म्हणतात. प्रत्यक्षात त्या पाकिटात मावतील अशा बेतलेल्या असतात, त्यामुळे ट्रक आणि मोटार एकाच लांबीची निघते. मुलांच्या हातात द्यायला उत्तम, पण रस्ता उभा करायचा असेल तर सोबत पट्टी ठेवा.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात आधी नातेवाइकांचे माळे. खरंच सांगते, माझ्या संग्रहातल्या चांगल्या गाड्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यांतून आल्या आहेत. डिंकीचे जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. ऐंशीच्या दशकात लिओ-मॅटेलच्या हॉट व्हील्स घरोघरी होत्या. या भारतीय गाड्यांचा रंग जाड, काम थोडं ओबडधोबड, पण परदेशी संग्राहक त्या मुद्दाम शोधतात. मावशीने "कचरा आहे, टाकून देते" म्हणायच्या आत माळ्यावर चढा.

मग चोर बाजार. मटन स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, म्हणून इतर दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा. एका फेरीत काही मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. चार फेऱ्यांत दुकानदार चेहरा ओळखू लागतो, आणि मग काउंटरखालचा डबा बाहेर येतो. नवीन मालासाठी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासची खेळण्यांची दुकानं आणि मॉल आहेतच. परदेशातून मागवताना हिशेब करून बघा. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. तिकडे स्वस्त दिसणारी गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

फियाट ११०० परदेशी बनावटीची घेणार असाल तर स्टिअरिंग बघा. इटालियन मॉडेलमध्ये ते डावीकडे असतं, आपली टॅक्सी उजव्या हाताची. ब्रिटिश बसच्या मॉडेलांत ही अडचण येत नाही.

पैसे देण्याआधी गाडी उलटी करा

नवखा माणूस बॉनेट आणि रंग बघतो. जाणकार आधी पोट बघतो. माझ्यासारखी ठेच लागू नये म्हणून हे जरा सविस्तर सांगते. पहिल्याच वर्षी मी एका विक्रेत्याकडून हिरवी डिंकी लॉरी "ओरिजिनल" म्हणून भरपूर पैसे देऊन घेतली. घरी आणून भिंग लावलं तर तळाच्या रिव्हेटचं, म्हणजे तळ गाडीला जोडून ठेवणाऱ्या धातूच्या खिळ्याचं डोकं सपाट घासलेलं, आणि मधोमध छोटंसं भोक. म्हणजे रिव्हेट ड्रिलने काढून गाडी उघडली, रंग खरवडला, नवा मारला आणि पुन्हा चिकटवली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी रिव्हेट : कारखान्यातलं रिव्हेट गोल, फुललेलं आणि अखंड असतं. मग कडा : दाराच्या रेघा, जाळीच्या पट्ट्या धारदार दिसल्या पाहिजेत. दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत त्या साय धरल्यासारख्या बुजतात. मग चाकं. जुन्या मॅचबॉक्सला आधी धातूची चाकं, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी, आणि १९६९पासून भर्रकन पळणारी सुपरफास्ट चाकं आली. धातूच्या चाकांच्या काळातल्या गाडीला काळी चाकं दिसली तर ती बदललेली आहेत. शेवटी काचा. १९५६ साली कॉर्गी टॉइजने खिडक्यांना काच लावून बाजारात उतरल्याची जाहिरात केली. त्यामुळे त्याआधीच्या डिंकीला काच दिसली की थांबा.

तळावरचं साल फसवं असतं. हॉट व्हील्सच्या पोटावर छापलेलं साल त्या साच्याच्या आराखड्याचं असतं, ती गाडी कधी बनली त्याचं नव्हे. तळावर १९८३ असलेली गाडी वीस वर्षांनंतरचीही असू शकते.

आणि भेगा बघा. डायकास्ट म्हणजे वितळलेला जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून केलेली गाडी. त्या जस्तात शिशाचा थोडा अंश जरी राहून गेला तरी धातू वर्षानुवर्षं आतून पोखरत जातो. संग्राहक याला झिंक रॉट म्हणतात. आजोबांच्या ट्रंकेत युद्धापूर्वीची एक लॉरी होती. लांबून अगदी धडधाकट. तळहातावर घेतली तर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या, आणि बंपरला बोट लागताच खारीचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटून हातात आला. यावर औषध नाही. हा रोग एका गाडीतून दुसरीत जात नाही, पण दमट हवेत तो वेगाने वाढतो. जुन्या गाडीत जास्त, तरी नव्वदीनंतरच्या काही मॉडेलांतही दिसला आहे. रंगाला फोड आलेली किंवा दरवाजे फुगून अडकणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा.

खोका असेल तर जास्त द्या. फाटका असला तरी द्या.

मुंबईच्या हवेत गाड्या जपणं

इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि समुद्राकडच्या घरांत खारा वाराही. घट्ट बंद होणारं काचेचं कपाट घ्या. बाहेरच्या भिंतीला ते टेकवू नका, मध्ये चार बोटं जागा ठेवा. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पाकिटं ठेवा, आणि ओल धरल्यावर रंग बदलणारी मिळाली तर उत्तम. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र फार महाग नसतं आणि ते अंदाजापेक्षा खरं बोलतं.

कपड्यांच्या कपाटाच्या सवयीने डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, आणि खिडक्यांच्या काचा प्लास्टिकच्याच असतात. बबल रॅपमध्ये गुंडाळूनही ठेवू नका, महिन्याभरात रंगावर गोल वळ उमटतात. बटर पेपर चांगला. मऊ रबरी टायर प्लास्टिकच्या तळपट्टीवर वर्षानुवर्षं टेकून राहिले की दोन्ही एकमेकांत विरघळल्यासारखे चिकटतात. म्हणून गाडीच्या पोटाखाली पुठ्ठ्याची घडी सारून चाकं केसभर अधांतरी ठेवा. लाल रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो, तेव्हा डबलडेकर खिडकीसमोर नको.

धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झाडा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट यातलं काहीही जवळ आणू नका.

हवी ती बस मिळाली नाही तर

१:७६मध्ये लेलँड टायटन मिळते. मद्रासच्या अशोक लेलँडने १९६७पासून जी टायटन बनवली ती त्याच घराण्यातली, पण मिळणारी बस इंग्लंडमधल्या शहरांच्या रंगात असते. ती बेस्टच्या रंगात आपण रंगवू शकतो. अशा गाडीला संग्राहक "कोड थ्री" म्हणतात. कारखान्याची मूळ ती कोड वन, कंपनीच्या परवानगीने बदललेली कोड टू, आणि आपल्या मनाने बदललेली कोड थ्री. दोन अटी पाळा. स्वस्त, भरपूर मिळणारी, खोका नसलेली बसच यासाठी घ्या, जुन्या डिंकीला हात लावू नका. आणि तळाला नाव-तारीख लिहा, म्हणजे उद्या ती कुणाच्या हाती गेली तरी फसवणूक होणार नाही.

रंग आणि अक्षरांसाठी आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बघून या. पुढच्या पाटीवर मार्ग क्रमांक देवनागरी आकड्यांत असतो हे विसरू नका. माझ्या बसवर "६६" लिहायला मी तीन रविवार घेतले. वडिलांनी चष्मा पुसून पाटी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "मागचा दांडा कुठे आहे?" तो नंतर तांब्याच्या तारेचा बसवला.

वहीत प्रत्येक गाडीची नोंद ठेवा : कुठून, कधी, कितीला, आणि घेतली तेव्हाचे दोष. वर्षातून एकदा त्या वहीशी सगळा संग्रह ताडून पाहायचा असतो. मी त्यासाठी दसरा धरला आहे. पाऊस सरलेला असतो, खाली सोसायटीत सगळ्यांच्या गाड्या धुतल्या जात असतात, आणि वर मी एकेक गाडी भिंगाखाली धरून भेग, फोड, गंज तपासते आणि सिलिका जेल बदलते. झेंडूचं फूल कपाटाच्या काचेबाहेर ठेवते, कारण ओल्या पाकळीचा डाग रंगावरून जात नाही.